वाहनाची खोड आणि स्वाराचा लळा

मराठी भाषेत दोष आणि खोड असे दोन शब्द आहेत, आणि त्यांचा अर्थ एकच नव्हे. दोष वस्तूचा असतो. खोड जित्या प्राण्याची असते. भिंतीस तडा गेला तर तो दोष होय, त्यास कोणी खोड म्हणत नाही. परंतु घोडा पुलाशी आला की बुजू लागला, बैल चढणीच्या तोंडाशी क्षणभर थबकू लागला, म्हणजे तेथे खोड हाच शब्द शोभतो. दोष आढळला की वस्तू परत करावीशी वाटते. खोड कळली की ती सांभाळून घ्यावीशी वाटते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ही म्हण तक्रारीची खरी. पण तिच्यात थोडे कौतुकही आहे, हे ती उच्चारणाऱ्याच्या मुद्रेवरून सहज ओळखू येते.

आता नवल असे की, लोखंड, रबर आणि पेट्रोल यांवर चालणारे जे दुचाकी यंत्र, त्याविषयी बोलताना चांगली सुशिक्षित मंडळीही नकळत दोष हा शब्द टाकून खोड हा शब्द योजतात. डोंगरवाटा, खाचखळगे आणि लांबचे प्रवास यांकरिता बनविलेल्या ज्या यंत्रांस हल्ली अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल म्हणतात, त्यांच्या एखाद्या स्वाराशी बोलून पाहावे. यंत्र जड आहे, बैठक उंच आहे, गर्दीत पाय भाजतात, सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, ही यादी तो आपण होऊन देईल. पण तीच यादी दुसरा कोणी वाचू लागला की त्याच्या कपाळास आठ्या पडतील. आपल्या लेकरास आपण रागे भरावे, शेजाऱ्याने बोट दाखवू नये, अशातला हा प्रकार आहे. हा लळा म्हणजे निव्वळ मोह, की त्यात काही शहाणपण आहे, असा प्रश्न आम्हांस वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर मानसशास्त्राच्या ग्रंथांत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे आम्हांस अधिक सोयीचे वाटते. आणि हा इतिहास वाचकांस प्रथम जेथे घेऊन जातो ते स्थळ वाहनांकरिता नव्हे, तर पायी चालण्याकरिता प्रसिद्ध आहे. ते स्थळ म्हणजे पवनार.

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर्ध्याच्या अलीकडे सुमारे आठ किलोमीटरांवर, धाम नदीच्या काठी हे गाव वसले आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले होते. परंतु आधुनिक काळात पवनारचे नाव झाले ते आचार्य विनोबांमुळे. १९३८ साली प्रकृती क्षीण झालेले विनोबा येथे येऊन राहिले ते नदीकाठच्या एका बंगल्यात, आणि तो बंगला होता वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांचा. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ विनोबांनी याच गावी केला. पुढे १२ सप्टेंबर १९५१ रोजी ते येथूनच दिल्लीस पायी निघाले, आणि भूदानाकरिता देशभर पायपीट करून १९६४ साली येथे परतले. तेरा वर्षे चालत राहिलेला पुरुष ज्या अंगणातून निघाला, त्या अंगणाच्या धन्याचे आडनाव पुढे भारतातील लक्षावधी दुचाक्यांवर झळकावे, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

वाहनाशी विनोद करण्याची रीत या परिसरास नवी नव्हती. वर्ध्याकडची काळी जमीन पावसाळ्यात अशी चिकट होते की, चाक रुतले म्हणजे भल्याभल्यांची मती कुंठित व्हावी. गांधीजी शेगावी, म्हणजे पुढील सेवाग्रामी, राहावयास गेले त्या काळात जमनालालजींच्या घरची एक जुनी फोर्ड मोटार बैल जुंपून ओढली जात असे, आणि तिला मंडळींनी नाव दिले होते ‘ऑक्सफर्ड’. बैल आणि फोर्ड यांचा हा संधी ज्याने कोणी साधला, त्याने आमच्या विषयाचे सूत्रच सांगून ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही. मोटारीचे सगळे मोटारपण गेले होते. तरी तिला कोणी भंगार म्हटले नाही, नाव ठेवले. आणि मनुष्य ज्यास लाडके नाव ठेवतो त्यास तो सहसा टाकीत नाही.

जमनालालजी १९४२ साली निवर्तले. त्यांच्या घराण्याने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाची कंपनी काढली, आणि १९४८ पासून ती परदेशी बनावटीच्या दुचाक्या व तिचाक्या आणून विकू लागली. १९५९ साली सरकारकडून उत्पादनाचा परवाना मिळाला. इटलीतील पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डीस व्हेस्पा जातीची स्कूटर तयार होऊ लागली. १९७१ साली तो करार संपला, आणि १९७२ पासून तीच स्कूटर थोड्याफार फरकाने ‘चेतक’ या नावाने बाहेर पडू लागली. १५७६ सालच्या हळदीघाटीच्या लढाईत राणा प्रतापास वाचवून प्राण सोडणाऱ्या घोड्याचे हे नाव एका कुटुंबवत्सल स्कूटरीस द्यावे, यात प्रथमदर्शनी थोडी अतिशयोक्ती दिसते. चेतकने हळदीघाट पाहिला नाही. तिने पाहिले ते भाजीबाजार, शाळांची फाटके आणि सरकारी कचेऱ्यांची आवारे. तथापि नाव अगदीच चुकले असे आम्हांस वाटत नाही. कारण घोड्यासारखी खोड तिला होतीच.

ती खोड कोणती, हे त्या पिढीतील कोणासही विचारावे. सकाळी स्कूटर चालू होत नसे. मग गृहस्थ तिला दोन्ही हातांनी धरून आपल्या अंगावर कलती करीत, म्हणजे टाकीतील पेट्रोल इंजिनाकडे उतरावे. मग सरळ करून पुन्हा किक मारीत. प्लगवर काजळी धरली तर तो काढून पुसावा लागे. पेट्रोलात तेल हिशेबाने मिसळावे लागे. इंजिन उजव्या कुशीस असल्यामुळे तोल उजवीकडे जाई, आणि चाके लहान असल्यामुळे खड्डा लहान असला तरी मोठा भासे. इतके असूनही त्या स्कूटरीस गुढीपाडव्यास हार पडे, दसऱ्यास झेंडूची माळ पडे, आणि घरच्या मंडळींच्या छायाचित्रांत ती एखाद्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे मध्यभागी उभी असे.

येथे चतुर वाचक म्हणेल, की यात प्रेम कसले? दुसरे काही मिळत नव्हते, म्हणून मिळेल ते गोड करून घेतले. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परवाना-पद्धतीच्या त्या काळात कारखान्याने किती माल काढावा हे सरकार ठरवीत असे. मागणी फार आणि पुरवठा थोडा. १९७० आणि १९८० च्या दशकांत स्कूटरीकरिता नाव नोंदवून काही ठिकाणी दहा दहा वर्षे थांबावे लागे. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरीच्या किमतीपेक्षा अधिक दराने विकली जाई, आणि कित्येक वधुपित्यांना ती हुंड्याच्या यादीत लिहून द्यावी लागे. अशा स्थितीत ग्राहकाने दोषाविषयी कुरकुर करावी कोणापाशी? आमचे म्हणणे असे की, या काळातील कौतुकाचा काही भाग तरी निरुपायाचा होता, आणि स्मरणरंजनाच्या भरात ते विसरणे हे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु इतिहासानेच या आक्षेपाची परीक्षाही घेतली आहे. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० ही चार-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आली. ती पेट्रोल थोडे पीत असे. लोकांना निवड करता येऊ लागली, आणि नव्वदीच्या अखेरीस मोटारसायकलींचा खप स्कूटरींच्या पुढे गेला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात जुन्या चेतकचे उत्पादन थांबले. निरुपाय संपला तेव्हा ग्राहक निघून गेले, इतके आक्षेपकाचे खरे ठरले. पण प्रेम निरुपायाचेच असते तर तेही त्यांच्याबरोबर निघून जावयास हवे होते. ते गेले नाही. आजही कित्येक घरांच्या ओसरीत वडिलांची चेतक झाकून ठेवलेली असते. तिचा विमा कोणी भरीत नाही, आणि तिला विकण्याची गोष्टही कोणी काढू देत नाही. तेव्हा विकत घेणे निराळे आणि जीव लावणे निराळे. पहिल्याचा निवाडा बाजार करतो, दुसऱ्याचा सहवास.

सहवासाने प्रेम उपजते हे ठीक. पण सदोष वस्तूच्या सहवासाने ते अधिक का उपजावे? आमच्या मते याचे पहिले कारण असे की, यंत्राची खोड ही पुष्कळदा त्याच्या गुणाचीच सावली असते. व्हेस्पाचा जन्म १९४६ सालचा. तिची रचना करणारे कोरादिनो द'आस्कानिओ हे विमानविद्येतील अभियंते. मोटारसायकल त्यांस आवडत नसे. साखळीच्या तेलाने कपडे मळतात, चाक बदलणे जिकिरीचे जाते, आणि बसताना पाय वर टाकावा लागतो, हे त्यांस खटकत होते. म्हणून त्यांनी इंजिन मागील चाकाच्या कुशीसच बसविले, साखळी काढून टाकली, पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या दांड्यावर तोलले, आणि मधली जागा मोकळी सोडली. चेतकचा तोल उजवीकडे जात असे तो या निर्णयामुळे; आणि साडी नेसलेली स्त्री मागे बसून तेलाच्या डागावाचून लग्नास जाऊ शके तीही याच निर्णयामुळे. खोड काढावयाची तर गुणही जाणार होता. ज्यास हे कळले, मग ते शब्दांत सांगता येवो वा न येवो, त्याचा राग निवळतो.

साहसी प्रवासाच्या मोटारसायकलींचा इतिहासही हेच सांगतो. या जातीचा मूळ पुरुष म्हणून जिचे नाव घेतले जाते ती जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीची आर. ८० जी./एस., १९८० साली बाहेर पडली. आठशे सी.सी.चे तिचे इंजिन असे की, दोन नळकांडी दोन्ही बाजूंस आडवी बाहेर आलेली. अरुंद वाटेत ती खडकास लागतील, पडल्यास आधी तीच आपटतील, हे उघड आहे. परंतु त्यामुळेच वजन खाली राहते, वारा थेट लागून इंजिन निवते, आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात सहज पोचतो. जाणकारांना ती चमत्कारिक वाटली. आणि १९८१ साली पॅरिस ते डाकार या वाळवंटातील शर्यतीत तिच्यावर बसून युबेर ओरिओल या फ्रेंच स्वाराने मोटारसायकलींत पहिला क्रमांक मिळविला.

आपल्याकडे २०१६ साली रॉयल एन्फील्डची ‘हिमालयन’ आली. ४११ सी.सी.चे इंजिन, शक्ती साडेचोवीस अश्वशक्तीच्या आसपास, आणि वजन जवळजवळ दोनशे किलो. सपाट हमरस्त्यावर ती मागे पडे, आणि आरंभीच्या गाड्यांविषयी तक्रारीही पुष्कळ झाल्या. तरीही लडाख आणि स्पिती येथील वाटांवर तिच्या स्वारांनी तिची जी स्तुती केली, ती वेगाची नव्हती. बैठक मध्यम उंचीच्या मनुष्यास झेपेल अशी, पुढचे चाक एकवीस इंचांचे, आणि मंद गतीतही न कुरकुरता ओढणारे साधे इंजिन, हे तिचे गुण त्याच धिमेपणाच्या पोटी जन्मले होते. २०२३ च्या अखेरीस तिची जागा ४५२ सी.सी.च्या, पाण्याने निवणाऱ्या नव्या हिमालयनने घेतली. ती सर्व बाजूंनी सरस आहे हे मान्य करूनही, जुनीच बरी म्हणणारे स्वार आहेत, आणि त्यांस हटवादी म्हणून सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

दुसरे कारण असे की, खोड मनुष्यास ज्ञान देते. जे यंत्र कधी बिघडत नाही त्याचा धनी त्याच्याविषयी अज्ञानीच राहतो. चेतक कलती करणाऱ्या कारकुनास, शिक्षकास, पोस्टमास्तरास पेट्रोल कोठून कोठे जाते याचे ज्ञान त्या कलती करण्यानेच झाले. मुंबईच्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या पारशी तरुणांनी १९२३ साली आपल्या सोबत्यांसह सायकलींवरून जगप्रवासास आरंभ केला, आणि इराण व सिनाईच्या वाळवंटांतून, युरोप, अमेरिका, जपान, चीन आणि ब्रह्मदेश या मार्गाने हे तिघे १९२८ साली परतले. सत्तर हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास झाला. वाळूत सायकल कोणाला वाहते? तेथे स्वारालाच सायकल वाहावी लागते. ज्यास आपण काही अंतर खांद्यावर वाहिले, त्याच्याविषयी आपला भाव निव्वळ मालकीचा राहत नाही. यंत्राने आपली सोय केली, हे आपण लवकर विसरतो; आपण यंत्राची सोय केली, हे आपल्या कायमचे स्मरणात राहते.

तिसरी गोष्ट लळ्याच्या मर्यादेची. सर्वच वैगुण्ये खोड या गोड नावास पात्र नाहीत. गुणाची सावली म्हणून जे येते ते सोसावे. परंतु स्पर्धा नसल्यामुळे कारखानदाराने हयगय केली तर ती खोड नव्हे, ती दंडास पात्र अशी कसूर होय. आणि ज्या वैगुण्याचा भार धन्यावर न पडता परक्यावर पडतो त्याचे कौतुक करण्याचा अधिकार धन्यास नाही. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व तेल यांचे मिश्रण काही अंशी न जळताच धुराबरोबर बाहेर जाते. चेतकचा तो निळसर धूर धन्यास बाळपणाची आठवण देत असेल. पण मागून चालणाऱ्याच्या छातीत तोच जात होता. १९९१, १९९६ आणि २००० साली धुराविषयीचे नियम उत्तरोत्तर कडक झाले. दोन-स्ट्रोक यंत्रे मागे पडली ती काही अंशी यामुळे, आणि ते योग्यच झाले. स्वाराचा जीव मोठा, तसा पादचाऱ्याचाही मोठा, हे पवनारच्या संदर्भात तरी विसरून चालणार नाही.

मात्र या न्याय्य सुधारणेबरोबर एक गोष्ट हातची जात आहे, आणि आमच्या लेखाचा खरा रोख तिच्याकडे आहे. जानेवारी २०२० मध्ये चेतक हेच नाव धारण करून विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आली. २०२२ पासून ती आकुर्डीच्या जुन्या आवारातही बनू लागली. तिला धूर नाही, किक नाही, कलती करण्याचे कारण नाही. त्याच घराण्याच्या चाकणच्या कारखान्यात ऑस्ट्रियाच्या के.टी.एम. जातीच्या साहसी मोटारसायकलीही तयार होतात. त्यांत चाक घसरू नये याची काळजी संगणक वाहतो. हे सर्व इष्ट आहे, यामुळे जीव वाचतात. परंतु अशी यंत्रे बिघडली म्हणजे पुलगावच्या किंवा देवळीच्या रस्त्याकडेच्या मिस्त्रीने पाना घेऊन काय करावे? त्याच्यापाशी कौशल्य आहे. कुलूप उघडण्याची किल्ली मात्र कारखान्यापाशी आहे. २०२२ साली भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, आणि तिच्या विचारार्थ घेतलेल्या विषयांत मोटारगाड्या व दुचाक्याही आहेत. हा प्रश्न वरवर व्यापाराचा दिसतो. आमच्या मते तो स्वामित्वाचा आहे. ज्या वस्तूची खोड आपणांस समजून घेण्याची मुभा नाही, ती आपल्या दारात उभी असली तरी आपली झाली असे म्हणवत नाही.

विनोबांनी पायी चालणे पत्करले, कारण पाय हे वाहन कोणाच्या परवान्याने मिळत नाही आणि मालकास दुरुस्तीकरिता परक्याच्या दारी जावे लागत नाही. पण त्यांच्या पायांसही खोड होतीच. १९६५ साली बिहारातील तूफान यात्रेत प्रकृतीमुळे त्यांस मोटारीचा आश्रय करावा लागला. वाहनाचा द्वेष हा पवनारचा धडा नव्हे. आपल्या हातापायांच्या आवाक्यात जे असते तेच मनुष्यास स्वतंत्र ठेवते, हा तो धडा आहे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. स्वार आपल्या दुचाकीच्या दोषांवर प्रेम करीत नाही; त्या दोषांशी झुंजताना आपण जे शिकलो, जे सोसले आणि ज्यांच्या सोबतीने सोसले, त्यावर तो प्रेम करतो. यंत्र निर्दोष करण्याचा अभियंत्यांचा प्रयत्न चालू राहो. तो थांबावा असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. परंतु निर्दोषपणाबरोबर यंत्राची झाकणेही कायमची बंद होणार असतील, तर पुढील पिढीस उत्तम वाहने मिळतील आणि त्यांतील एकालाही ती नाव ठेवणार नाही. बैल जुंपलेल्या मोटारीस ज्यांनी हसत हसत ऑक्सफर्ड म्हटले, त्यांच्यापाशी वाहन निकृष्ट होते. पण त्यांचे त्याच्याशी नाते होते. उत्कृष्ट वाहनाबरोबर ते नातेही राखता येणे अशक्य आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यासाठी झाकण उघडण्याचा हक्क मात्र धन्याच्या आणि मिस्त्रीच्या हाती राहिला पाहिजे.